तिसऱ्या भोंग्याच्या आत

हार्लेमच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर माझं नाव 'पिवळ्या काकू' असं पडलं होतं. पिवळ्याचं मला काही वाटलं नाही. पण मी अडतीस वर्षांची आहे. काकू कुणाला म्हणता?

पिवळं म्हणजे कोड यलो. इथलं डच हवामान खातं धोक्याला रंग देतं. हिरवा म्हणजे निवांत, पिवळा म्हणजे जरा जपून, नारिंगी म्हणजे बाहेर पडण्याआधी विचार करा, आणि तांबडा म्हणजे विचारसुद्धा करू नका, घरात बसा. ग्रुपमध्ये डचची परीक्षा पास झालेली तेव्हा मी एकटीच होते, त्यामुळे सरकारी डच मराठीत आणायचं काम माझ्याकडे आलं. खरं सांगायचं तर ते कुणी मला दिलं नव्हतं, मीच ओढून घेतलं होतं. आधी खेमेंटेची, म्हणजे नगरपालिकेची, पत्रं, मग कचऱ्याच्या गाडीचं वेळापत्रक, मग हवामान. आणि या देशात पिवळा रंग काय कशालाही लागतो. धुकं पडलं पिवळा, वारा सुटला पिवळा, ऊन तापलं तरी पिवळा. मी प्रत्येक वेळी इमानेइतबारे मेसेज टाकायचे, वर तीन लाल दिवे लावून.

मागच्या जुलैत मी कुंड्या आत घ्या आणि ट्रॅम्पोलीन बांधून ठेवा असं लिहिलं. इथे वादळात परसातली ट्रॅम्पोलीन खरोखर उडतात, तो सरकारी सल्लाच आहे. त्यावर एकीचं उत्तर आलं, "आमच्याकडे ट्रॅम्पोलीन नाही, नवऱ्याला बांधून ठेवलंय, चालेल का?" त्याच्याखाली हसण्याची रांग लागली. त्या दिवशी एक पानही हललं नाही, हे वेगळं सांगायला नको.

अशा भरात माझे सासरे तीन महिन्यांसाठी आले होते. त्यांना आम्ही आबा म्हणतो. आबांनी गावाबाहेरच्या सूतगिरणीत एकतीस वर्षं नोकरी केली, आणि त्यातलं जे काम ते अजून छाती काढून सांगतात ते म्हणजे भोंगा वाजवणं. पहिला भोंगा उठायचा, दुसरा निघायचा, तिसऱ्याला गेट बंद. तिसऱ्यानंतर आलेला माणूस घरी परत, मग तो साहेबाचा मेहुणा का असेना. एकतीस वर्षांत तिसरा भोंगा आपण एक मिनिटसुद्धा उशिरा वाजवला नाही, हे वाक्य आमच्या घरात लग्नाच्या अल्बमपेक्षा जास्त वेळा उघडलं गेलंय.

इथे दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी बाराला गावोगावचे सायरन चाचणीसाठी वाजतात. ही गोष्ट मी आबांना सांगायला विसरले. जूनमधल्या पहिल्या सोमवारी मी कणीक मळत होते, आणि बाहेर तो आवाज सुरू झाला. मी धावत बाल्कनीत गेले, म्हटलं म्हातारा माणूस घाबरला असेल. आबा मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ धरून उभे होते. आवाज थांबेपर्यंत हलले नाहीत. मग त्यांनी समाधानाने मान डोलावली आणि पान वाढायला सांगितलं, भोंगा झाला म्हणाले. पोळ्या अजून व्हायच्या होत्या, तर मलाच ओशाळल्यासारखं झालं.

त्या दिवसापासून घरात भोंगा सुरू झाला. माझ्या नऊ वर्षांच्या लेकीची शाळा साडेआठला. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर डचमध्ये येतं, फार लाडात असली तर इंग्रजीत. सकाळी तिला उठवून, बूट घालून, सायकलवर बसवणं हा माझा आणि माझ्या नवऱ्याचा रोजचा तमाशा होता. आबांनी तो एका आठवड्यात बंद केला. साडेसातला तोंडाने पहिला भोंगा, आठला दुसरा, सव्वाआठला तिसरा. तिसऱ्याला ते खरोखर दार लावून घ्यायचे. एकदा ती एका पायात बूट घालून आत राहिली, आणि आबांनी दार उघडलं नाही ते नाहीच. ती रडली, मी चिडले, नवरा मधल्यामध्ये खिडकीतून तिला बाहेर काढायची भाषा करायला लागला. दुसऱ्या दिवशी मात्र ती दुसऱ्या भोंग्यालाच दारात हजर. आम्ही दोघं आबांना हसायचो, लेकही हसायची, खालच्या मजल्यावरची डच आजीसुद्धा हसायची, आणि हसत हसत तिने स्वतःची कॉफी पहिल्या भोंग्याला लावून घेतली.

त्याच महिन्यात आमच्याकडे डेल्फ्टची मुलगी जेवायला आली. ही मूळची पुण्याची, डेल्फ्टच्या विद्यापीठात पावसाच्या रडारवर पीएचडी करते आणि वरणभाताच्या वासावर दोन गाड्या बदलून येते. आबांना धंद्यातलं माणूस भेटल्यासारखं झालं. त्यांनी तिला टोर्नेडोचा, म्हणजे वावटळीचा, भोंगा कधी वाजवतात ते विचारलं. तिने ताटातल्या वरणात बोट फिरवून दाखवलं. रडारला ढगातली हवा गोल फिरताना दिसते, पण रडारचा किरण सरळ जातो आणि जमीन खाली वळत जाते, त्यामुळे लांबच्या ढगाचा त्याला फक्त वरचा मजलाच दिसतो. तळमजल्यावर, म्हणजे जमिनीवर, वावटळीची सोंड उतरली की नाही, हे त्याला कळत नाही. इथली वावटळ तर छोटी, पाच-दहा मिनिटांची. म्हणून बऱ्याचदा आधी सांगता येतं ते एवढंच की आज वादळाचा रंग पिवळा किंवा नारिंगी आहे, आभाळाकडे लक्ष ठेवा. पुढचं काम माणसाच्या डोळ्यांचं. कुणीतरी सोंड बघतो, कळवतो, मग त्या भागातले अधिकारी फोनवर इशारा सोडतात.

आबांनी विचारलं, अधिकाऱ्यांकडे सगळ्यांचे नंबर असतात का. ती म्हणाली, एकाचाही नसतो. टॉवर नुसता ओरडतो, आणि त्याच्या टापूत जो फोन चालू असेल तो वाजतो. नेटवर्कवर गर्दी असली तरी वाजतो, सिम परदेशी असलं तरी वाजतो.

"म्हणजे दवंडी," आबा म्हणाले. दवंडीवाला कुणाचं घर विचारत नाही, चौकात उभा राहतो आणि ढोल बडवतो. चौकात पाहुणा असला तर त्यालाही ऐकू येतं. ती मुलगी इतकी खूश झाली की तिने तिथेच आबांच्या फोनमधलं इशाऱ्याचं बटण चालू आहे ना ते बघून दिलं. मग आबांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, आणि आमची सूनबाई रोज वाजवते तो कुठला भोंगा? मी त्यांच्या वरणावर तूप जरा कमीच वाढलं.

पण ते जे पुढे बोलले ते माझ्या डोक्यात राहिलं. भोंग्यामागे लोक येतात ते आवाज मोठा असतो म्हणून नाही, म्हणाले. तो फुकट कधी वाजत नाही म्हणून येतात. मी ते नको तेवढं मनावर घेतलं.

ऑगस्टमध्ये श्रावण आला. श्रावणातलं वनभोजन हा आमच्या ग्रुपचा मोठा सोहळा, आणि त्याची कर्तीकरविती मी. हार्लेमबाहेर पोल्डरमध्ये, म्हणजे बांधाच्या आड पाणी हटवून केलेल्या सपाट जमिनीवर, एक मैदान भाड्याने मिळतं. एका कडेला झाडं, एका कडेला पक्क्या विटांची बैठी इमारत, तिच्यात कपडे बदलायच्या खोल्या आणि संडास. मागच्या वर्षी सगळे झाडाखाली बसून फोनमध्ये डोकं घालून होते, म्हणून यंदा मी नियम काढला. आल्या आल्या फोन डब्यात. डबा म्हणजे माझ्या रुखवतातला वीस किलो तांदळाचा स्टीलचा डबा. त्याचं झाकण इतकं गच्च बसतं की उघडायला उलथण्याचा दांडा घालावा लागतो. पुण्याहून हार्लेमपर्यंत समुद्रातून आला, पण आत पाण्याचा थेंब शिरला नाही.

वनभोजनाच्या दिवशी सकाळी सहाला मी पुरण वाटत होते आणि फोनवर पिवळा आला. दुपारनंतर गडगडाट, जोराचे झोत, एखाद्या ठिकाणी वावटळ शक्य. मी मेसेज लिहिला. तीन लाल दिवे लावले. आणि बोट तसंच धरून उभी राहिले. साठ पोळ्यांचं पुरण, तीन महिन्यांपूर्वी घेतलेलं मैदान, निम्मे लोक रद्द करणार आणि उरलेले हसणार. बाहेर तर काय लख्ख ऊन पडलं होतं. मी मेसेज पुसला. फुकटचा भोंगा वाजवायचा नाही, असं स्वतःला सांगितलं, आणि मनात मला किती शहाणं वाटलं म्हणून सांगू.

दुपारी बारापर्यंत चौतीस फोन डब्यात गेले. आबांनी मात्र फोन दिला नाही. सकाळी त्यांच्या मनगटी घड्याळाचा सेल संपला होता, त्यामुळे हे माझं घड्याळ आहे, फोन नाही, असं म्हणून त्यांनी तो सदऱ्याच्या खिशात ठेवला. मी नियमावर बोट ठेवलं, तर त्यांनी नोकरीच्या एकतीस वर्षांत घड्याळाशिवाय ते एकही दिवस राहिलेले नाहीत असं सांगितलं. तिथे विषय संपला.

जेवणं झाली. मसालेभात, अळूची भाजी, पुरणपोळी, मठ्ठा. हवा पुण्यातल्या मे महिन्यासारखी चिकट झाली होती आणि सगळे पोट धरून भाड्याच्या मोठ्या पांढऱ्या तंबूत आडवे झाले होते. पोरं आडवी होणार थोडीच. माझा नवरा सात पोरांना घेऊन पतंग उडवायला लांबच्या बांधावर गेला, तीन-चारशे पावलांवर. त्यात माझी लेक. मी डेल्फ्टच्या मुलीबरोबर भांडी गोळा करत होते.

अडीचच्या सुमाराला आबांच्या खिशातून एक भयंकर किंचाळी निघाली. आबा खुर्चीतून उठले, फोन हातभर लांब धरला, आणि माझ्याकडे आणून दिला. वाजायची वेळ नसताना वाजतोय, म्हणाले. डचमध्ये मजकूर होता. तुमच्या भागात वावटळ दिसली आहे. लगेच पक्क्या इमारतीत जा. खिडक्यांपासून लांब राहा.

मी तो मोठ्याने मराठीत वाचला. डेल्फ्टची मुलगी तंबूबाहेर गेली आणि तिने नुसतं बोट दाखवलं. काचेच्या हरितगृहांच्या पलीकडे काळ्या ढगाचा तळ खाली झुकला होता, आणि त्यातून करड्या रंगाची एक दोरी लोंबत होती, सावकाश, जणू तिला काही घाईच नाही. आणि आपल्या बाजूच्या बांधावर, त्याच आभाळाखाली, पाच पतंग.

मी जे केलं ते मी पुढे अनेकदा सांगितलंय आणि दर वेळी लोक पोट धरून हसलेत, तेव्हा आताही सांगते. मी नवऱ्याला फोन करायला धावले. माझा फोन डब्यात. मी डब्यावर झेप घेतली. झाकण निघेना. उलथणं सापडेना. मी नखं घातली, चमचा घातला, डबा गुडघ्यांत धरला, तोंडाने देवाचं नाव घेत होते आणि मधूनमधून डब्याला शिव्या देत होते. त्या सगळ्या वेळात माझ्या हे ध्यानातच आलं नाही की ज्या फोनवर मी फोन करणार होते तोही त्याच डब्यात होता. आणि आबांचा चालू फोन माझ्या कमरेला खोचलेला होता, तो भाग वेगळाच.

तेवढ्यात भोंगा वाजला.

आबा आमच्या गाडीत बसले होते. त्यांना गाडी चालवता येत नाही, पण हॉर्न कुठे असतो ते माहीत आहे. एक लांब, सपाट, न थरथरणारा आवाज, गिरणीचा असतो तसा. तो संपला. तंबूतले लोक एकमेकांकडे बघायला लागले, आणि डेल्फ्टच्या मुलीने त्यांना हाताला धरून विटांच्या इमारतीकडे ढकलायला सुरुवात केली. मग दुसरा भोंगा.

बांधावर काय झालं ते नवऱ्याने नंतर सांगितलं. पहिल्याला त्याला वाटलं कुणाची तरी गाडी वाटेत आडवी लागलीय. लेकीने मात्र मान वर केली. दुसऱ्याला तिने हातातली फिरकी टाकली, बाकीच्या पोरांना डचमध्ये ओरडून पळा म्हणून सांगितलं, आणि वडिलांची बाही ओढून चक्क मराठीत म्हणाली, "बाबा, तिसऱ्याला गेट बंद होतं." तो म्हणतो, का पळायचं हे विचारायची त्याची हिंमतच झाली नाही. सात पोरं आणि एक सॉफ्टवेअर आर्किटेक्ट, गवतातून, पायातल्या चपला हातात घेऊन.

मी डबा टाकून गाडीकडे धावले होते, तिथून मला पोरं येताना दिसत होती. वारा एकदम थंड झाला होता. सगळ्यात मागे सर्वांत धाकटा पोरगा नवऱ्याच्या खांद्यावर, सगळ्यात पुढे माझी लेक. मी आबांकडे पाहिलं. त्यांचा तळवा हॉर्नवर टेकलेला होता, पण ते दाबत नव्हते. ओठ हलत होते. ते पोरं मोजत होते. मी त्यांना बाहेर या म्हणून ओरडले, तर त्यांनी ऐकलंच नाही. सहा झाली, सात झाली, नवरा दारातून आत गेला, मग त्यांनी तिसरा भोंगा वाजवला, गाडीतून उतरले, माझं मनगट धरलं आणि आम्ही दोघं आत शिरलो. दार त्यांनीच लावलं.

त्या खोलीत आम्ही बेचाळीस जण होतो आणि खिडकी एकच, उंचावर, वीतभर. बाहेर मालगाडी जावी तसा आवाज आला, काहीतरी फाटलं, काहीतरी छपरावर आपटलं, आणि मिनिटाभरात संपलं. मग एकीने, ट्रॅम्पोलीनवाल्या त्याच एकीने, पदराखालून पुरणपोळ्यांचा डबा काढला. पळताना तिने तेवढंच उचललं होतं. आणि मग जे हसू सुटलं ते आवरेना. लोक भिंतीला टेकून हसत होते, डोळे पुसत होते, एकमेकांना पोळी भरवत होते. मी लेकीला इतकं घट्ट धरलं होतं की ती शेवटी डचमध्ये म्हणाली, आई, श्वास.

बाहेर आलो तर तंबू गायब. तो आम्हाला कालव्यापलीकडे एका शेतकऱ्याच्या गाईंच्या अंगणात सापडला, आणि गाई त्याच्याकडे संशयाने बघत होत्या. जिथे आमची माणसं आडवी झाली होती तिथे तंबूचा एक लोखंडी खांब जमिनीत तिरपा रुतला होता. त्याच्याकडे पाहून मी तिथेच गवतावर बसले.

डबा मात्र जागच्या जागी. डेल्फ्टच्या मुलीला उलथणं सापडलं. तिने झाकण उचकटलं, आणि क्षणभराने डब्यातून चौतीस फोन एकदम किंचाळले. गच्च स्टीलच्या पोटात टॉवरची हाक पोचलीच नव्हती. पण दवंडी एकदाच होत नाही, बराच वेळ पुन्हा पुन्हा दिली जाते, आणि झाकण निघाल्याबरोबर सगळ्यांना ती ऐकू आली. लगेच पक्क्या इमारतीत जा, चौतीसदा. आमच्यातले चार जण खरोखर परत आत पळाले.

संध्याकाळी घरी जाताना नवरा गाडी चालवत होता, आबा त्याच्या शेजारी डोळे मिटून. मी आणि लेक मागे. माझ्याच्याने राहवेना. सकाळी पिवळा आला होता, मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही, असं मी बोलून टाकलं. नवऱ्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि परत रस्त्याकडे बघायला लागला.

"मग तू भोंगा का नाही वाजवलास?" लेकीने विचारलं. त्या दिवसात दुसऱ्यांदा मराठी.

"सगळे मला हसतात गं."

"आबांना तर आपण रोज हसतो," ती म्हणाली.

पुढच्या सीटवर आबांनी डोळे उघडले नाहीत. तसेच मिटल्या डोळ्यांनी ते म्हणाले, "आज तिसरा उशिरा झाला." मी खिडकीकडे तोंड करून रडले.

आबा सप्टेंबरच्या आधी परत गेले. त्यानंतरच्या पहिल्याच पिवळ्याला मी ग्रुपवर मेसेज टाकला. लाल दिवे काढून टाकले, काय होऊ शकतं आणि किती वाजल्यापासून ते दोन ओळींत लिहिलं, आणि खाली लिहिलं, हा पहिला भोंगा, नारिंगी झाला तर दुसरा वाजवीन. मिनिटभरात विचारणा आली, नवऱ्याला बांधू का. हसण्याची रांग लागली, नेहमीसारखी, बरीच लांब.

मी लिहिलं, "हसा. पण आत बसून हसा."